ज्याची गाडी, त्याचा पाय

"नाचता येईना अंगण वाकडं," असं मी माझ्या बापाला म्हणालो. तेही गॅरेजात, दोन गिऱ्हाइकांच्या देखत. ते वाक्य परत घेता आलं असतं तर मी माझी सगळी हत्यारं देऊन टाकली असती.

झालं असं की बाबांची गाडी अडखळायला लागली होती. बावीस वर्षांची, तीन लाख किलोमीटर पळालेली गाडी. "चढावर मध्येच दम सोडते रे," बाबा म्हणाले. "एक क्षण वाटतं, बंदच पडली. मग आपली आपण उचलते." आता बाबा म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हेत. गॅरेज त्यांचंच. पाना कसा धरायचा हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांचा एक नियम होता: ज्याची गाडी, त्याचा पाय. अशी तक्रार आली की मालकालाच गाडी चालवू द्यायची, आपण शेजारी बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

मी तसं केलं नाही. वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगतो, पण खरं म्हणजे बाबांच्या शेजारी बसायचा मला कंटाळा होता. ते इतकी जपून चालवतात की सायकलवालाही पुढे जातो. म्हणून मी एकटाच चढावर गेलो. पाय दाबला, गाडी सुसाट वर. तरी परत येऊन प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, कॉम्प्युटर लावून पाहिला. कुठेच काही नाही. पुन्हा चढ, पुन्हा सुसाट.

चार दिवसांनी बाबा हजर, "अजून अडखळते." तिसऱ्यांदा आले तेव्हा माझं डोकं फिरलं. "बाबा, गाडी ठणठणीत आहे. अडखळतोय तो तुमचा पाय. वय झालं आता!" आणि वर ती म्हण. गिऱ्हाइकं हसली. बाबाही थोडे हसले. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून बाकावर ठेवली.

"तू बघितलंयस ना? मग तसंच असेल," म्हणाले आणि चालत घरी गेले.

भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

बाबा दर रविवारी आत्याकडे जायचे. आत्या त्यांची थोरली बहीण, टेकडीवरच्या वृद्धाश्रमात राहते. तिला आता दिसत नाही. फाटकाशी गाडीचा आवाज आला की ती ओळखते. तिकडे बस जात नाही. "मी सोडतो की," असं मी म्हणायचो आणि बाबा म्हणायचे, "तुला कामं असतात." मला कामं होतीच. त्यांनी किल्ली ठेवल्यापासूनच्या चार महिन्यांत मी त्यांना माझ्या गाडीतून एकदा नेलं. आत्या फोनवर मला म्हणायची, "धाकल्याला सांग, रविवारी माझी खुर्ची खिडकीशीच असते."

गेल्या आठवड्यात तिची औषधं पोचवायची होती. माझी गाडी दुरुस्तीला उघडून ठेवलेली, म्हणून बाबांची काढली. चढावर माझ्यापुढे खडीचा ट्रक, पुढे जायला जागा नाही. जन्मात पहिल्यांदा मी बाबांसारखी गाडी चालवली: पाय पाव दाबलेला आणि तिथेच धरलेला. अर्ध्या चढावर गाडीनं दम सोडला. एक क्षण. मग आपली आपण उचलली. जरा पुढे गेल्यावर पुन्हा तेच.

गॅरेजात येऊन बाबांचा जुना काट्याचा मीटर शोधला. ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते इंजिनाला कळवणारा एक सेन्सर असतो. त्याला मीटर लावून इंजिनाची हवेची झडप हलके हलके उघडत गेलो. काटा शहाण्यासारखा चढत होता, आणि पाव उघडल्यावर एका जागी धप्पकन खाली पडून पुन्हा वर आला. बावीस वर्षं बाबांचा पाय त्याच एका जागी राहिला होता, आणि आतली पट्टी नेमकी तिथेच झिजली होती. माझा पाय ती जागा ओलांडून जायचा, म्हणून मला कधी कळलंच नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

नवा सेन्सर बसवला आणि रविवारी सकाळी किल्ली घेऊन बाबांसमोर उभा राहिलो. सगळं सांगितलं. "चूक माझी होती, बाबा. पाय तुमचा चांगलाय." बाबांनी झिजलेला सेन्सर हातात घेतला, चष्मा वर करून पाहिला. "पाव दाबल्यावर ना?" एवढंच विचारलं आणि चपला घातल्या.

ते चालवायला बसले. मी शेजारी, तोंड बंद. चढ लागला. इंजिन कसं एका सुरात चाललं होतं. अर्ध्या चढावर, त्याच जागी, बाबांनी पाय उचलला. गाडीला हिसका बसला. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. मी त्यांच्या पायाकडे पाहत होतो. तो थरथरत होता.

त्यांनी गाडी कडेला घेतली. "बघ," ते शांतपणे म्हणाले, "तू म्हणाला होतास तेच. पायच आहे."

"नाही हो बाबा, चार महिन्यांत सवय मोडलीय फक्त..."

"तू चालव. ती वाट बघत असेल."

मी चालवली, त्यांच्या वेगानं, पाय पाव दाबून. फाटकातून आत शिरलो तर आत्या खिडकीशी खुर्चीत बसलेली.

"आलास रे धाकल्या!" ती आनंदानं ओरडली. "आज गाडी अडखळली नाही! मागे तू यायचास तेव्हा फाटकाशी येताना अडखळायची, मी ऐकायचे ना."

बाबा उतरले, खिडकीशी जाऊन त्यांनी तिचा हात धरला.

"हो अक्का," ते म्हणाले. "तुझ्या भाच्यानं दुरुस्त केली."