चादर ओढायची म्हणजे काय करायचं

मी एक जुनी चादर आहे. हसू नका, मित्रांनो. मी अंथरायची चादर नव्हे, सिमेंटची चादर. तिकडे महाराष्ट्रात माझ्या जातीला पत्रा म्हणतात म्हणे. इथं ग्वाल्हेरला आम्ही चादरीच. शिंदे की छावनी या वस्तीतल्या एका घराच्या बाहेरच्या भिंतीत मी उभी आहे. माझ्यावर आता दुसरी भिंत आहे, त्यामुळे रस्त्यावरून जाताना मी तुम्हाला दिसणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. सिमेंटच्या पातळ लगद्यात अ‍ॅस्बेस्टॉस नावाच्या दगडाचे बारीक तंतू कालवले, दाबून सपाट केले, वाळवले, की झाले मी तयार. मी जळत नाही, कुजत नाही, वाळवी मला तोंड लावत नाही. या गुणांचं तेव्हा भारी कौतुक होतं. मला आगगाडीनं ग्वाल्हेरला आणलं आणि संस्थानी फौजेच्या एका कोठाराची भिंत केलं. शिपाई माझ्या सावलीत बसून बूट चमकवायचे. मला वाटायचं, आपला जन्म असाच ऐटीत जाणार.

मग संस्थान विलीन झालं. मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं. फौजेतले काही भारतीय सैन्यात गेले, काही घरी बसले. कोठार मोडीत निघालं. सुभेदार मल्हारराव घरी बसलेल्यांपैकी. त्यांना राहतं सरकारी घर सोडायचं होतं आणि दुसरं घाईनं उभं करायचं होतं. त्यांनी आम्हा चादरी उचलल्या, लाकडी चौकट रोवली आणि तिच्यावर आम्हाला ठोकलं. ज्या गावात दगडाला तोटा नाही, तिथं हे चादरींचं घर. शेजारी चेष्टेनं म्हणाले, "सुभेदारसाहेब, घर बांधलंत की तंबू ठोकलात?"

"विलीन झालेल्या माणसाचं घर आहे. असंच असणार," मल्हारराव म्हणाले.

खिडक्या पाडायचं काम त्यांच्या मुलानं, मुकुंदरावांनी केलं. तेव्हा ते ऐन विशीतले. करवत घेऊन त्यांनी आम्हाला कराकरा कापलं. डोकं, भुवया, मिशा सगळं पांढरं झालं. त्यांची आई सुलोचनाबाई म्हणाल्या, "अरे, लग्नाआधीच म्हातारा झालास की." सगळे पोट धरधरून हसले. ती धूळ श्वासाबरोबर छातीत शिरते आणि बाहेर यायचं नाव घेत नाही, हे त्या घरात कोणाच्या गावीही नव्हतं.

मुकुंदराव मध्यभारताच्या सचिवालयात कारकून झाले. त्यांची सायकल रोज माझ्याच अंगाला टेकलेली असायची, आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा. पण १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारत गेलं, राजधानी भोपाळला गेली, पेट्या भरभरून कागद गेले आणि कागदांमागे मुकुंदरावही गेले. मल्हारराव आणि सुलोचनाबाई मागे राहिले आणि एकेक करून निवर्तले. पुढे भाडेकरू आले. कोणी माझ्यात खुंट्या मारल्या, कोणी माझ्याशी म्हैस बांधली. माझ्या खालच्या कडेचे टवके उडू लागले. कोणी रंगाचा साधा हात दिला नाही. मला वाईट वाटायचं. का वाटू नये?

मुकुंदराव परतले ते निवृत्त होऊन, धापा टाकत. डॉक्टरांनी सांगितलं, छातीत चादरींची जुनी धूळ बसली आहे, आता नव्या धुळीचा वाराही लागू देऊ नका. त्यांची सून शामला सांगलीची, नुकतीच या घरात आलेली. ती ऐकून घाबरली. "बाबा, या चादरी घरात ठेवायच्या नाहीत," ती म्हणाली. तिचं चुकलं नव्हतं.

मुकुंदरावांचे मित्र रघुनाथराव बांधकाम खात्यातले निवृत्त इंजिनिअर. त्यांनी आम्हाला नीट पाहिलं आणि आत बसून मुकुंदरावांना समजावलं की चादर अखंड असेल तर निमूट उभी राहते, फोडली तरच धूळ उडते. तेव्हा जुन्या चादरींना धक्का न लावता बाहेरून वेगळी चौकट करायची आणि तिच्यावर लोखंडी चादरी चढवायच्या. निघताना दारात त्यांनी शामलाला एवढंच सांगितलं, "सूनबाई, उद्या मिस्त्री येईल. त्याला म्हणावं, भिंतीला चादर ओढायची आहे. बाकी तो जाणतो."

इथंच घोळ झाला. ग्वाल्हेरच्या मराठीत पिढ्यान् पिढ्या हिंदी मुरलेली. इथं ओढणं म्हणजे पांघरणं. सांगलीत ओढणं म्हणजे खेचणं. दुसऱ्या दिवशी लज्जाराम मिस्त्री आला. शामलानं आपल्या नव्या हिंदीत त्याला स्वच्छ सांगितलं, "चादर खींचनी है."

"पूरी?"

"पूरी."

लज्जारामनं माझ्या शेजारणीमागे पहार घातली. ती कडाडून फुटली आणि पांढरी धूळ उठली. शामला काम पाहायला तिथंच उभी होती. मुकुंदरावांनी खिडकीतून पाहिलं. त्यांनी आत राहायचं होतं, दार लावून घ्यायचं होतं. ते बाहेर आले. हाक मारायला गेले तर आवाज फुटेना. मग नाकाला उपरणं लावून ते सरळ धुळीत शिरले, सुनेचं मनगट धरलं आणि तिला अंगणाच्या पलीकडे नेलं. तिथं ते मटकन खाली बसले. ओठ काळेनिळे पडले होते. लज्जारामची पहार तोवर माझ्या कडेला लागली होती. त्यानं ती सोडून दिली.

श्वास जाग्यावर यायला बराच वेळ गेला. तोवर रघुनाथराव धावत आले. "सूनबाई, मी चादर ओढायला सांगितलं होतं," ते म्हणाले.

"काका, ओढतच होते की," शामला रडत म्हणाली.

मुकुंदराव खोकता खोकता हसू लागले. "रघुनाथ, ती मराठीच बोलते आहे. आपण काय बोलतो, ते आता आपणच शोधायला हवं."

मग तुकडे पाण्यानं भिजवले, नाकातोंडाला पट्ट्या बांधून जाड पिशव्यांत भरले आणि जाणकार माणसांकडे सोपवले. उरलेल्या आमच्यावर नवी भिंत चढली. उजेड गेला. रस्ता, म्हशी, सायकली, सगळं गेलं. आधी मी फार खट्टू झाले. हळूहळू कळलं की आता कोणाला त्रास न देता उभं राहणं, हेच माझं काम.

मुकुंदराव त्यानंतर आणखी काही हिवाळे जगले. ते गेल्यावर त्यांचा मुलगा, शामलाचा नवरा गोविंद, त्यांची तसबीर घेऊन आला. आतल्या बाजूनं त्यानं खिळा नेमका माझ्यावर धरला.

"तिथं नको," शामला म्हणाली.

"अगं, बाबांचा फोटो आहे."

"म्हणूनच नको."

गोविंदनं हातोडी खाली ठेवली. तसबीर कपाटावर टेकवून ठेवली आणि हार तिथंच घातला.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत माझी एखादी बहीण असेल. तिला करवत लावू नका, ती पिचली असेल तर जाणत्याला बोलवा. घर सोडून जाल तेव्हा नंतर येणाऱ्याला तिच्याविषयी सांगून जा. आणि खिळा उचलण्याआधी एवढं विचारा, या भिंतीच्या आत कोण आहे.