सहभागी क्रमांक सात

नृत्य विभागात तिला सगळे टिपणी म्हणत. तालमीला बाकीच्या मुली पाण्याची बाटली घेऊन यायच्या, ही वही घेऊन यायची. सरांनी एखादं पाऊल दाखवलं की बाकीच्यांचे पाय हलायचे, हिचा हात. पहिल्या वर्षी कुणीतरी म्हणालं, "हिला नाच म्हटलं तर ही आधी टिपण काढेल," आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला त्याचं फार वाईट वाटलं नाही. आपण बरं नाचतो, पण बरंच, त्याहून जास्त नाही, हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं. गटात तिची जागा कायम तिसऱ्या रांगेत असायची. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसायच्या.

दुसऱ्या वर्षाला प्रबंध लिहावा लागे. बाकीच्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या, हिला मात्र पहिल्यांदाच वाटलं की हे आपल्याला जमेल. विषयही तिला विंगेत उभं राहूनच सुचला. लंगडत आलेली मुलगी दिव्याच्या उजेडात पाऊल टाकताक्षणी सरळ चालायला लागते. दुखणं जातं कुठे? ते लपवायला कोण शिकवतं? अभ्यासक्रमात तर तसा धडा नाही. मार्गदर्शक मॅडमना विषय आवडला. "पण लोक बोलतील का तुझ्याशी?" एवढंच त्यांनी विचारलं.

लोक बोलले, पण हातचं राखून. सहा जणींच्या मुलाखती झाल्या आणि सहाही जणींनी साधारण एकच सांगितलं, की थोडंफार दुखतंच, सवय होते. वही भरली होती आणि हाती काही लागलं नव्हतं.

सातवी ताई. ती विभागाची जुनी विद्यार्थिनी होती आणि आता शहरातल्या सगळ्यात मोठ्या नृत्यसंचाची मुख्य नर्तिका. वय चौतीस. आठवड्यातून दोनदा ती विभागात तालीम घ्यायला यायची, आणि तिसऱ्या रांगेकडे बघणारी ती एकटीच होती. "तुझे खांदे कानांना काय सांगतायत एवढं?" असं म्हणून तिने टिपणीचे खांदे दोन्ही हातांनी खाली दाबले होते. त्या दिवसापासून टिपणीचा तिच्यावर जीव होता.

मुलाखत कपडे बदलायच्या खोलीत झाली, दुपारची, सगळे जेवायला गेले असताना. ताईने दाराची कडी लावली, बाकावर बसून डावा मोजा काढला आणि पाय पुढे केला.

"ही तीन बोटं मला कळत नाहीत."

"म्हणजे दुखतात?"

"दुखली असती तर बरं झालं असतं. नाहीतच ती. पाठीत नस दबलीय. तीन वर्षं झाली."

"मग नाचतेस कशी?"

"ऐकून. पाय टेकला की नाही ते आवाजावरून कळतं. म्हणून मी संगीत जरा हळू लावा म्हणते. सगळ्यांना वाटतं, काय चोखंदळ बाई आहे." ती हसली. मग मोजा चढवता चढवता म्हणाली, "तो शेवट माहितीय ना, माझ्या एकटीच्या नाचाचा? गुडघ्यांवर कोसळते तो?"

तो शेवट कुणाला माहीत नव्हता? त्यावर वर्तमानपत्रांत रकाने भरले होते. विभागातल्या मुली तो आरशासमोर करून बघायच्या.

"तो बसवलेला नव्हता. हात वर करून उभं राहायचं होतं. पायाने दगा दिला. खाली आले, आता काय करायचं म्हणून मान खाली घातली आणि तशीच बसले. दिवे गेले, टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी आमच्या संचाचे दिग्दर्शक सर म्हणाले, हाच शेवट ठेव. तेव्हापासून दर प्रयोगाला पडते. लोक रडतात. मी फक्त पडले होते गं."

टिपणीने संमतीचा कागद पुढे केला. ओळख गुप्त ठेवली जाईल, असं त्यावर छापलं होतं.

"हे बाहेर जाता कामा नये," ताई म्हणाली.

"नाव कुठेही येणार नाही, ताई. शप्पथ."

ताईने सही केली.

पहिल्या खर्ड्यात टिपणीने सांभाळून लिहिलं: सहभागी क्रमांक सात, एका पायात बधिरपणा, तरीही प्रयोग चालू. मॅडमनी समासात लाल पेनाने शेरा मारला, "जीव नाही. तपशील कुठाय?" तिने आवाजावरून पाऊल ओळखायची गोष्ट घातली. पान थोडं उठलं. पण पुढचं वाक्य तिच्या डोक्यात तयार होतं, आणि ते आलं तर काय होईल हेही तिला दिसत होतं. ती टेबलावरून उठली. स्वयंपाकघरात गेली, पेलाभर पाणी प्यायली, खिडकीतून खाली रस्त्यावरची रहदारी पाहत उभी राहिली. मग परत येऊन तिने गुडघ्यांवरच्या शेवटाची हकिगत लिहून काढली, एका दमात, एक शब्द न खोडता. वाचून बघितलं. इतकं चांगलं तिने आजवर काहीच केलं नव्हतं, ना कागदावर, ना रंगमंचावर.

"आता बोलतंय," मॅडम म्हणाल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरून कोण येणार हे आधी सांगत नसत. टिपणी खोलीत शिरली. मॅडमच्या शेजारी ताईच्या नृत्यसंचाचे दिग्दर्शक बसले होते. प्रबंध पंधरा दिवस त्यांच्याकडे होता. पानापानावर कागदाच्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या.

त्यांनी नीट, जाणत्या माणसासारखे प्रश्न विचारले. मग सातवं प्रकरण उघडलं.

"हे मी तीनदा वाचलं. फार चांगलं आहे." चष्मा काढून त्यांनी तो टेबलावर ठेवला. "हिचा पाय आता कसा आहे?"

"मी ओळख सांगू शकत नाही, सर."

"ओळख मी विचारलीच नाही. पाय कसा आहे, एवढंच विचारलं."

मॅडम कागद चाळत राहिल्या. दिग्दर्शकांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. त्या वर्षीचे सगळ्यात जास्त गुण तिला मिळाले.

आठवड्याभराने जिन्यात एका मैत्रिणीने सांगितलं, की नव्या प्रयोगातून ताईला काढलंय. एकटीचा नाचही दुसरीला दिलाय. कारण कुणाला ठाऊक नाही. ताई तालीम घ्यायलाही आली नाही.

घरी आई शिवणयंत्रावर बसली होती. ती लोकांचे कपडे शिवून द्यायची आणि मुलीच्या अभ्यासाबद्दल सहसा काही विचारायची नाही. त्या संध्याकाळी टिपणीने आपण होऊन सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "पण मी नाव कुठेच लिहिलं नव्हतं."

आईने दोरा दातांनी तोडला. "तळमजल्यावरची, दोन कुत्रेवाली, असं मी म्हटलं, तर नाव घेतलं का मी?"

टिपणीने पायाशी पडलेला दोऱ्याचा तुकडा उचलला.

"मग मला काय सांगतेस? जिला सांगायचं तिला सांग जा."

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडून ती आत गेली आणि जमिनीवरच्या सतरंजीवर पुन्हा व्यायामाला बसली. टिपणी दाराशीच उभी राहिली. पिशवीत प्रबंध होता.

"आणलायस ना? वाच."

"ताई, मी—"

"वाच आधी."

टिपणीने उभ्यानेच सातवं प्रकरण वाचलं. ताईचा पाय एका लयीत वर जात होता, खाली येत होता. वाचून संपलं तेव्हा तो थांबला.

"चांगलं लिहिलंयस," ताई म्हणाली. "सरांनी काढलं तेव्हा नव्हतं आलं एवढं रडू." रडत मात्र ती नव्हती. "ते म्हणाले, तुझ्या भल्यासाठी करतोय. असेलही. उद्या माझा पाय चुकला असता आणि उचललेली मुलगी माझ्या हातून पडली असती तर? हे सगळं माझं मलाच बोलून झालंय. पण ते मी सांगायचं होतं. माझ्या तोंडाने, माझ्या वेळेला. कदाचित कधीच सांगितलं नसतं. तेही माझंच होतं."

टिपणीने प्रबंध मिटून पिशवीत घातला.

"एक विचारू? लिहिताना कळलं होतं तुला?"

नाही म्हणता आलं असतं. घाईत लक्षात आलं नाही, मॅडमनी तपशील मागितला, नियमाप्रमाणे सगळं होतं. अशी बरीच उत्तरं ती येताना बसमध्ये तयार करून आली होती.

"हो," ती म्हणाली. "लिहायच्या आधीच. मधे पाणी प्यायला उठले होते."

ताईने पाय पुन्हा वर उचलला. "बरं," ती म्हणाली. "आता जा."

दुसऱ्या दिवशी टिपणीने प्रबंध मागे घेण्याचा अर्ज दिला. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि दार लावून घेतलं.

"निकाल लागलाय. पुढच्या संशोधनासाठी तुझ्या नावाची शिफारस मी स्वतः केलीय. आणि नियमाने तुझं काहीही चुकलेलं नाही."

"हो. नियमाने नाही चुकलं."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "तपशील मी मागितला होता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी अर्जावर सही केली. ग्रंथालयातली प्रत फळीवरून काढली गेली. शिफारस रद्द झाली, आणि टिपणीचं एक सत्र वाया गेलं. विभागात कुणी म्हणालं, हिला वेड लागलंय. कुणी म्हणालं, आता उपयोग काय?

तिने सातवं प्रकरण नव्याने लिहिलं आणि लखोट्यात घालून ताईच्या पत्रपेटीत टाकलं. सोबत चिठ्ठी: नको असेल ते खोड, सगळं खोडलंस तरी चालेल.

पाच आठवडे काही आलं नाही. मग लखोटा परत आला. नऊ पानांतली साडेसहा आडव्या रेघांनी खोडली होती. बोटांची गोष्ट गेली होती, आवाजाची गेली होती, शेवटाची तर गेलीच होती. उरलं होतं ते तालमींबद्दल, आणि दुखतंय म्हणायची लाज कशी लहानपणीच शिकवली जाते त्याबद्दल. एका ठिकाणी टिपणीने लिहिलं होतं, 'तिने हे सगळं सोसलं.' 'सोसलं'वर काट मारून ताईने समासात लिहिलं होतं, 'मी सोसत नव्हते. काम करत होते.'

टिपणीने तो शब्द बदलला आणि अडीच पानांचं प्रकरण तसंच दिलं. या वेळी दुसऱ्याच परीक्षक आल्या होत्या. बाकी प्रकरणांच्या मानाने हे फारच त्रोटक झालंय, असं त्यांचं मत पडलं. गुण बेताचेच मिळाले.

पुढे कुणाकडून तरी कळलं, की ताईच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली. बोटं परत आली की नाही, ते सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. ताईने टिपणीला बोलावलं नाही, आणि त्या तीन मजल्यांचा जिना पुन्हा चढण्याचं धाडस तिलाही झालं नाही. परत आलेल्या लखोट्यावरचा टिपणीचा पत्ता मात्र ताईने स्वतःच्या हाताने लिहिला होता, आणि पाठवणाऱ्याच्या जागी आपलं पूर्ण नाव.