परक्या आजोबांचा घास

वॉल्टर आजोबांना घास लागायचा तो मॅरेनच्याच हातचा. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून हे असंच. शिजवलेल्या सफरचंदाचा गर दुसऱ्या कुणी पुढे केला की म्हातारा दात आवळून बसे. नात आली की आपसूक तोंड उघडे.

मॅरेनची अकरावी संपली, तशी तिची आई डोरीन तिला घेऊन कॉलेज-प्रवेशाच्या सल्लागारबाईंकडे गेली. ओहायोतल्या त्या गावात सगळेच जातात. पोरांना सुट्टी सुखाने घालवू द्यायची चाल तिथून कधीच उठली.

"सुट्टीत काय करणार आहेस?" बाईंनी विचारलं.

"आजोबांना सांभाळणार."

"ते घरचं काम गं. त्याला प्रमाणपत्र कोण देणार? बाहेर कुठेतरी सेवा कर, म्हणजे कॉलेजला दाखवता येईल."

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! पोरगी गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात तिन्ही वेळा परक्या म्हाताऱ्यांना भरवायला जाऊ लागली. घरी आजोबांसाठी पगारी बाई आली. तिच्या हातून ते धड खाईनात. अंगावरची विजार सैल होत गेली, आणि जुलैत डोरीनने त्यांना त्याच वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं.

"बरंच झालं की," ती म्हणाली. "तू तिथेच असतेस."

मॅरेनला तर मनापासून आनंद झाला. दुसऱ्या दिवशी ती वाटी घेऊन आजोबांच्या खोलीकडे निघाली, तोच व्यवस्थापक बाईंनी अडवलं.

"नात्यातल्या माणसाची सेवा इथे धरत नाहीत. तुला समोरची खोली दिलीय, आणि जेवणाची वेळ सगळ्यांची एकच."

"मग नका धरू. मला प्रमाणपत्रच नको."

"आधी आईला विचार."

तिने फोन लावला. डोरीन म्हणाली, "एवढा उन्हाळा घालवलास आणि आता सोडतेस? थोडेच दिवस राहिलेत. आजोबा काय पळून चाललेत?"

मॅरेनला रडू आलं, रागही आला, पण कॉलेज तिलाही हवंच होतं. ती समोरच्या खोलीत हॅस्केल नावाच्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसली. तो मिटक्या मारत खाऊ लागला.

"गुणाची गं पोर. तुझे आजोबा नशीबवान."

समोरचं दार उघडंच होतं. तिथे मदतनीस बाई चमचा धरून उभी होती आणि आजोबा दात आवळून बसले होते. त्यांची नजर मॅरेनवर पडली. त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवून ते वाट पाहत राहिले.

मॅरेन उठली आणि तिने हॅस्केलच्या खोलीचं दार लोटून घेतलं.