उंबऱ्याइतकीच उंची

गवंडी मणीने टेपचं टोक फरशीला टेकवलं, पट्टी उंबऱ्याच्या माथ्यापर्यंत ताणली आणि मान हलवली. उष्णता अडवायला फोमची शीट, तिच्यावर जाळी, मग सिमेंटचा माल, मग टाइल. एवढ्या उंचीत हे सगळं बसवणं कठीण आहे, असं तो तमिळमध्ये म्हणाला.

कृष्णराव त्याच्याजवळ उकिडवे बसले. कुंभकोणमच्या रेशमी साड्यांच्या दुकानात त्यांनी उभी हयात गादीवर बसून साड्या उलगडण्यात घालवली होती. खाली बसणं त्यांना जमायचं. उठताना भिंत लागायची.

खोली पहिल्या मजल्यावर होती आणि खाली मिठाईवाल्याचा भटारखाना. पहाटे भट्टी पेटली की वरचं काँक्रीट तापायचं, ते रात्रीपर्यंत निवायचं नाही. इतकी वर्षं त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. मग कृष्णरावांच्या बायकोची, अंबाबाईंची, उजवी बाजू लुळी पडली. मागल्या उन्हाळ्यात त्या दिवसभर एकाच जागी खुर्चीत बसून राहिल्या, आणि संध्याकाळी कृष्णरावांना त्यांच्या उजव्या तळव्यावर मोठा फोड दिसला. अंबाबाईंना काहीच कळलं नव्हतं. रक्तातल्या साखरेमुळे ती जखम भरायला पावसाळा सरला. भटारखाना हलणार नाही, फरशीचं काय करायचं ते तुमचं तुम्ही करा, असं घरमालकाने सांगितलं.

फरशी करायला आणखी एक कारण होतं, ते दोघांनी मणीला सांगितलं नाही. खोली आणि न्हाणीघराकडचा बोळ यांच्यामध्ये हा उंबरा होता. वॉकर धरून अंबाबाई तिथवर जात, पुढे मात्र कृष्णरावांना वाकून त्यांचा उजवा पाय हातांनी पलीकडे ठेवावा लागे. मग त्यांना अंबाबाईंबरोबर आतही जावं लागे. त्यांना हाक मारायला नको म्हणून अंबाबाई दुपारचं पाणी पीत नसत. जमीन सपाट झाली तर त्या एकट्या जाऊ शकतील, असं व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली होती. तेव्हापासून अंबाबाई भिंतीच्या कडेने रोज सराव करत होत्या.

उंबरा कापून टाकू, म्हणजे टाइल सरळ पलीकडे जाईल, असं मणीने सुचवलं. कृष्णरावांनी बायकोकडे पाहिलं. लाकडावर लक्ष्मीला वाहिलेली शुक्रवारची हळद अजून पिवळी होती.

"उंबरा कापायचं नक्को," अंबाबाई घरच्या तंजावरी मराठीत म्हणाल्या. "घर म्हटलं की उंबरा असावा."

कृष्णरावांनाही तेच वाटत होतं. मणीला मराठी येत नव्हती, पण त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. बोळातली नि खोलीतली, दोन्हीकडची जमीन उंबऱ्याच्या माथ्याला आणून भिडवायची असं ठरलं. शीट पातळ घ्यायची, टाइलही पातळ. बोळाच्या टोकाचं दार खालून तासायचं. अंबाबाई तेवढे दिवस तिरुविडैमरुदूरला बहिणीकडे राहिल्या.

काम चोख झालं. मणीने खोलीच्या एका टोकाहून लिंबू घरंगळत सोडलं, ते कुठे न अडखळता बोळात गेलं. कृष्णरावांनी भर दुपारी तळहात टेकवून पाहिला, टाइल गार लागली. दोन टाइलींच्या मध्ये उंबऱ्याचं लाकूड आता नुसता पट्टा होऊन राहिलं होतं.

अंबाबाई परतल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णराव स्वयंपाकघरात दूध तापवत होते. आतून अंबाबाईंचा आवाज आला. "तुम्ही येऊं नका. मी जात्ये."

त्यांनी मुद्दाम पाठ फिरवली. वॉकरचे पाय टाइलीवर टेकल्याचा आवाज येत होता. तो थांबला. कृष्णरावांनी गॅस बारीक केला. मग धप्प झालं.

वॉकर पट्ट्याच्या पलीकडे सरळ उभा होता. अंबाबाई अलीकडे उजव्या कुशीवर पडल्या होत्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. साखर आणि हृदय पाहता शस्त्रक्रियेचा धोका घेण्यासारखा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या पुन्हा चालतील का, हे कृष्णरावांनी विचारलं नाही आणि डॉक्टरही आपणहून बोलले नाहीत.

घरी आणल्यावर अंबाबाईंनी छताकडे बघत सांगितलं, "उंबरा आला म्हणून पाय उचलायला गेल्ये. उजवा उचलेना. म्हणून डावा उचलला."

सगळा भार लुळ्या पायावर आला होता.

"पण सपाट होतं की ते," कृष्णराव म्हणाले.

"हौ, सपाट होतं. म्हणून लक्ष्मीवरून पाय फरफटत नेऊं?"

मालाची जाडी, दाराची फट, टाइलीचा उतार, सगळ्याचा कृष्णरावांनी विचार केला होता. हा विचार मनात आला नव्हता.

बातमी कळल्यावर मणी आला. चपला जिन्यात काढून तो दाराबाहेरच उभा राहिला. उद्याच्या उद्या ते लाकूड छिनीने काढून तिथे टाइल बसवतो, पैसे नकोत, असं खाली बघत म्हणाला. कृष्णराव हो म्हणणार होते.

"अत्ता कशाला?" अंबाबाई नवऱ्याला म्हणाल्या. मग मणीकडे वळून तमिळमध्ये बोलल्या, "फरशी चांगली केलीस, बाबा. गार आहे. कॉफी घेऊन जा."

मणीने उभ्या उभ्याच कॉफी घेतली, टंबलर स्वतः विसळून पालथं घातलं आणि तो गेला.

जिन्यातली पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर अंबाबाईंनी तोंड भिंतीकडे केलं आणि खाटेखालचं भांडं मागितलं. कृष्णरावांनी दिलं. थोड्या वेळाने त्यांनी ते काढून घेतलं, वर्तमानपत्राने झाकलं आणि दोन्ही हातांत धरून न्हाणीघराकडे निघाले. लाकडाच्या पट्ट्यापाशी ते थांबले. एक पाय वर उचलून पलीकडे ठेवला, मग दुसरा, आणि सांडू न देता पुढे गेले.