प्रगतिपत्रकातली तिसरी ओळ

दिनांक दोन मे, शनिवार, सकाळचे साडेआठ. कोडोलीपलीकडच्या एका वाडीतली प्राथमिक शाळा. दुसरीच्या वर्गात विजयसिंह गुरुजींनी क्रांतीचे प्रगतिपत्रक उघडून तिच्या आजीसमोर धरले.

"मला कुठलं वाचाय येतंय?" चिमणाबाई म्हणाल्या. "तुमीच वाचा की. आन् मोठ्यानं वाचा, बाहेरच्यास्नीबी कळू दे."

क्रांती आजीच्या पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळीत उभी होती.

गुरुजी वाचू लागले. अक्षर त्यांचे स्वतःचे, टपोरे, कुठेही खाडाखोड नसलेले. वाक्ये मात्र तयार नोंदींच्या छापील पुस्तिकेतली. जनगणनेच्या प्रशिक्षणाहून परतल्यावर एका बैठकीत त्यांनी एक्केचाळीस पत्रके भरून हातावेगळी केली होती आणि त्या नेटकेपणाचा त्यांना थोडा अभिमानही वाटला होता.

"परिसर स्वच्छ ठेवते. चित्रे आवडीने रंगवते. वर्गात मोकळेपणाने बोलते."

चिमणाबाईंचा हात तोंडाशी गेला.

"बोलती? साळंत बोलतीस व्हय गं भवाने? आन् घरात वरीसभर नुसती मान हालीवतीस!" त्यांचे डोळे भरून आले. "आवं गुरुजी, सोमवारी कोल्हापूरला डाक्टरकडं न्यायाची हुती हिला. लई मिनतवारीनं नंबर लागलाय. आता कशाला जायाचं! बरं, बोलती कुणासंगं?"

गुरुजींनी तिचा आवाज आठवून पाहिला. हजेरीच्या वेळी वर होणारा हात आठवला; आवाज काही केल्या आठवेना. दारात पालक खोळंबले होते. ‘मैत्रिणींशी’ एवढा एक शब्द पुरला असता.

त्यांनी पेनाचे टोपण काढले आणि तिसरी ओळ खोडली.

"आजी, ती वर्गात बोलत नाही. वर्षात एकदाही बोललेली नाही. मी न बघताच लिहिलं."

मग सर्वांत खाली त्यांनी सावकाश लिहिले आणि लिहिलेले वाचून दाखवले, "वर्षभर वर्गात बोललेली नाही. डॉक्टरांकडून तपासणी व्हावी."

"सोमवारी न्या तिला," ते म्हणाले. "नंबर सोडू नका. मीही येतो बरोबर."

चिमणाबाईंनी त्या खोडलेल्या ओळीकडे पाहिले. मग त्यांनी तिच्या वरच्या दोन ओळींवर बोट टेकवले.

"आन् ह्ये?"

गुरुजींनी मान खाली घालून पत्रक त्यांच्या हातात दिले.

"म्हंजे," पत्रकाची घडी घालीत चिमणाबाई म्हणाल्या, "ह्या कागदावर शेवटचं तेवढंच खरं हाय."