सातव्या होलवरची घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे, आणि मला आयुष्यात एकच पत्र आले. वहीच्या फाडलेल्या पानावर, पेन्सिलीने लिहिलेले. त्याला मी उत्तर दिले नाही.

मित्रांनो, घंटा कसली उत्तर देते, असे तुम्ही म्हणाल. मीही सहा वर्षे स्वतःची हीच समजूत घालत राहिले. ती खोटी होती, हे मला आता कळते आहे. म्हणून ही कैफियत. ती नीट सांगता येईल की नाही, याची मला खात्री नाही, कारण आजवर दुसऱ्याने दोर ओढल्याशिवाय मी कधी बोललेले नाही.

कोल्हापुरातल्या एका ओताऱ्याच्या भट्टीत माझा जन्म झाला. साचा फोडून त्याने मला बाहेर काढले, कानशीने घासले आणि बोटाने टिचकी मारली. मग आपल्या बायकोला म्हणाला, "आवाज बरा हाय. पण जरा लाजरी वाटतीया." हे वाक्य मला जन्मभर चिकटले.

पुढची पंचवीस वर्षे मी एका शाळेच्या व्हरांड्यात टांगलेली होते. तिथे वेळेला किंमत होती. मधल्या सुट्टीला मी दोन मिनिटे उशिरा वाजले, तर सगळा चौथीचा वर्ग बाकाखाली पाय आपटत असे. शाळा सुटताना मी वाजले, की पोरे असा जल्लोष करीत, जणू मीच त्यांना सोडवले. एक्क्याण्णव साली विजेची घंटा आली आणि मी फाटक्या नकाशांच्या खोलीत जाऊन पडले. वर्षभराने त्याच शाळेतून निवृत्त झालेले प्रभुलिंग मास्तर आले. त्यांनी मला पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधले आणि कळंब्याच्या पुढे एका माळावर नेले. तिथे गोल्फचे लहानसे मैदान होते. कोणता गट किती वाजता खेळायला गेला आणि किती वाजता परत आला, हे वहीत लिहिण्याचे काम मास्तरांकडे होते. उरलेल्या वेळात ते पत्र्याच्या शेडमध्ये पुस्तक वाचत. माणूस मोठा भिडस्त. कुणी मोठ्याने बोलले, तर चष्मा पुसत बसणारा.

गोल्फ म्हणजे लांब काठीने लहान चेंडू मारत मारत दूरच्या खड्ड्यात घालायचा. त्या खड्ड्याला तिथे सगळे होल म्हणत. आमच्या मैदानात असे नऊ होल होते. सातव्या होलच्या वाटेत मधोमध एक टेकाड आहे. अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला पलीकडचे काही दिसत नाही. म्हणून मला पलीकडे, खड्ड्याजवळच्या बाभळीला टांगले. मास्तरांची शेड तिथून हाकेच्या अंतरावर होती. पुढच्या गटाने आपला खेळ संपवायचा, बाजूला व्हायचे आणि माझा दोर ओढायचा. मी वाजले, की मागच्यांनी खुशाल चेंडू मारावा. मी वाजले नाही, तर मारू नये, नाहीतर पुढच्याचे डोके फुटेल. इतके साधे काम, पण माणसांचा जीव सांभाळणारे. त्याचा मला अभिमान होता.

सुरुवातीची वर्षे सुखाची होती. दोन तासांत नऊ होल पुरे होत. "घंटी हाय म्हणून बरं हाय," असे कॅडी म्हणत. कॅडी म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन चालणारे. त्यांतला केरबा हुपरीहून सायकल आणि एसटी करीत यायचा. घरी त्याची बायको चांदीच्या पैंजणांच्या कड्या डाग देऊन जोडायची. खेळ संपला, की केरबा जाता जाता माझ्याकडे बघून हात हलवायचा.

मग मैदानात माणसे वाढली आणि माझा छळ सुरू झाला.

हो, छळच! सौम्य शब्द शोधून मी दमले. सिमेंटच्या पाइपांचे व्यापारी शिवशरणाप्पा आणि त्यांचे तीन सोबती दर रविवारी दुपारी दोनला खेळायला येत. चेंडू मारण्याआधी आप्पा सात वेळा हवेत काठी फिरवत. मग वारा बघत. मग तंबाखू मळत. मग पुन्हा काठी फिरवत, आणि चेंडू पंधरा पावलांवर जाऊन झुडपात बसे. तो शोधायला चौघे आणि चार कॅडी पाव तास झुडपे झोडपत. खड्ड्यात चेंडू पडल्यावर तरी निघावे की नाही? छे! तिथेच उभे राहून, कुणी किती फटके मारले याची पंचायत भरे.

"तुझे सात झाले, बाळासो."

"सहा! झुडपातला मोजायचा न्हाय."

"का? झुडूप काय तुझ्या सासऱ्याचं हाय?"

"आप्पा, तुमच्या गेल्या वेळच्या ओढ्यातल्या फटक्याचं काय झालं, ते आदी सांगा!"

आणि हसणे. माझ्या पायाशी बसून हसणे. टेकाडापलीकडे चार माणसे काठ्या टेकून माझ्या आवाजाची वाट बघत आहेत, हे त्यांच्या गावीही नसे. मागे जो गट खोळंबे, तो बहुधा डॉक्टर निर्मलाताईंचा असे. साठीतल्या बाई, पण चालणे असे झपाझप, की केरबाला त्यांची पिशवी घेऊन पळावे लागे.

मागचा गट जलद असेल, तर पुढच्याने बाजूला होऊन त्याला वाट द्यावी, असा या खेळाचा रिवाज आहे. पण आमच्या आप्पांना ते मान्य नव्हते. त्यांच्या लेखी वाट देणे म्हणजे हरणे. "आमच्या म्होरनं कोण गेलंय, असं आजवर झालं न्हाय," असे ते छाती काढून सांगत. चार फटक्यांच्या जागी अकरा मारणाऱ्याने हे सांगावे!

दोन हजार तीन सालच्या जानेवारीत, एका शनिवारी केरबा मास्तरांना घेऊन माझ्यापाशी आला. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता.

"मास्तर, हसू नगासा," तो म्हणाला. "पोरीनं घंटीला चिठ्ठी लिवलीया. घंटीलाच वाचून दावा, असं बजावलंय."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे तोंड करून पत्र वाचले:

"घंटीस, माझे नाव सुष्मिता. मी चौथीत आहे. उद्या रविवारी सहा वाजता आमच्या शाळेचे गॅदरिंग आहे. मी भाषण करणार आहे. माझे दादा म्हणजे वडील म्हणतात की घंटी वेळेवर वाजली की आम्ही वेळेवर सुटतो. म्हणून उद्या तू लवकर वाज. मी भाषण पाठ केले आहे पण दादा समोर असले की विसरत नाही. तू वाजशील का ते कळव. मी तुला बघितलेले नाही. तू केवढी आहेस?"

मास्तरांनी कागद आपल्या पुस्तकात ठेवला. मी रात्रभर आनंदात होते. शाळेनंतर प्रथमच कुणा मुलाला माझी गरज पडली होती.

दुसऱ्या दिवशी निर्मलाताई आप्पांच्या मागेच निघाल्या. केरबाला पावणेपाचची एसटी धरायची होती. त्यासाठी चारपर्यंत खेळ संपायला हवा होता. साडेतीन वाजले, तेव्हा आप्पा सातव्या होलवर पोहोचले. चेंडू खड्ड्यात गेला आणि पंचायत सुरू झाली. टेकाडावर केरबा उभा होता. तो माझ्याकडे बघत होता. नुसता बघत होता. कॅडीने सभासदाला घाई केली, तर दुसऱ्या दिवशी त्याला काम कोण देणार?

शेवटी निर्मलाताईच टेकाडावर आल्या. "आप्पा, आम्ही पुढं जाऊ का?"

"ताई, एवढी कसली घाई?" आप्पा खालून ओरडले. "तुम्हाला काय एसटी धरायची हाय व्हय?"

चौघेही हसले. आणि ज्याला खरोखर एसटी धरायची होती, तो खांद्यावर पिशवी घेऊन त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा होता!

इतक्यात मास्तर बाभळीमागून येताना दिसले. त्यांचे तोंड उघडलेले होते. आता बोलतील, असे मला वाटले. पण आप्पांनी वळून बघितले मात्र, मास्तर चष्मा पुसू लागले आणि आले तसे परत गेले. वहीत त्यांनी आप्पांच्या नावापुढे लिहिले: गेले दोन वाजता, आले पाच वाजता. मित्रांनो, वहीत लिहून कुणाची एसटी थांबते का? मला त्यांचा फार राग आला. पण कोणत्या तोंडाने रागावणार? त्या दिवशी वाऱ्याने मी एकदा हलले होते. जीव एकवटला असता, तर लोलक कडेला लागला असता. पण खाली माणसे असताना वाजणे हा माझ्या कामाचा द्रोह झाला असता, असे मी मनाला सांगितले. ते खरे होते, की मीही लाजरीच, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पुढच्या शनिवारी मास्तरांनी हळूच विचारले, "केरबा, पोहोचलास का?"

"गेलतो की. मांडव उतरवत हुती."

"आणि भाषण?"

"चार वळी म्हणली आणि थांबली. दाराकडं बघत हुती म्हनं."

त्या पत्राला मी काय उत्तर देणार होते?

त्यानंतर माझी दशाच झाली. दोर कुजून तुटला. माझ्या पोटात गांधीलमाश्यांनी पोळे केले. लोक गप्पा मारत निघून जात, नवा दोर बांधायचे कुणाला सुचत नसे; वाट मोकळी झाली का, हे मागचे टेकाड चढून बघत. चार तास, साडेचार तास खेळ चाले. माळावर सगळेच सगळ्यांसाठी थांबलेले, आणि कुणालाच त्याचे काही नाही. दुसऱ्याचा वेळ हा जणू माळावर पडलेला दगड, कुणीही त्यावर बसावे!

अशी सहा वर्षे गेली. दोन हजार नऊच्या जानेवारीत केरबा मास्तरांजवळ बसला होता. त्याचे केस पांढरे झाले होते.

"पोरीचं ह्या शाळंतलं शेवटचं गॅदरिंग, मास्तर. धाव्वीत हाय. भाषण हाय तिचं. पण ह्या वेळी या म्हणाली न्हाय मला. म्हणाली, जमलं तर बघा."

मास्तर उठले. पुस्तकांच्या गठ्ठ्यातून त्यांनी तो पिवळा पडलेला कागद काढला, माझ्यापाशी येऊन पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धूर करून माश्या हाकलल्या, चिंचेने मला घासले आणि नवा दोर बांधला.

दुपारी पुन्हा तेच. आप्पा पुढे, निर्मलाताई मागे. ताईंबरोबर बेळगावहून आलेले तीन पाहुणे होते. साडेतीनला आप्पांची पंचायत भरली, तेव्हा मास्तर आले आणि माझा दोर धरून उभे राहिले.

"आप्पा, मागील गट बराच वेळ खोळंबला आहे. त्यांस वाट द्यावी, असा रिवाज आहे."

"मास्तर, पुस्तकातलं पुस्तकात ठेवा की," आप्पा म्हणाले. "आमाला मागं टाकून कोण जाणार?"

मास्तरांचा चष्मा घामाने नाकावरून घसरला. या वेळी त्यांनी तो पुसला नाही. "मी इथून हलणार नाही," ते इतक्या हळू म्हणाले, की ते फक्त मला ऐकू आले असावे. पण ते हलले नाहीत.

ते बघून केरबा पिशवीसकट टेकाड उतरून पळत आला. "मागं टाकायचं न्हाय, आप्पा!" तो धापा टाकत म्हणाला. "बेळगावचं पावणं हायती ताईंच्या संगं. तासभर उनात हुबं हायती. आपल्या दारात पावण्याला उपाशी बसवून आपण आदी जेवतो व्हय?"

आप्पांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. बाळासो खाली बघू लागले.

"पावणं हायती?" आप्पा म्हणाले. "मग हे आदी सांगायचं न्हाईस, गड्या! मला काय रानटी समजलास?" त्यांनी सोबत्यांना बाभळीच्या सावलीत ढकलले, मास्तरांच्या हातातून दोर घेतला आणि असा ओढला, की शाळा सुटतानाही मी कधी तशी वाजले नव्हते. "या पावणं, या! आदी तुमी!"

पाहुणे टेकाड उतरून आले, खेळले आणि जाताना म्हणाले, "फार मोठं मन तुमचं."

"त्यात काय," आप्पा म्हणाले. "कोल्हापूर हाय हे."

वाट देणे ते इतकी वर्षे हार समजले, तेच त्यांना एका क्षणात मान वाटले! मला हसावे की संतापावे, कळेना. उरलेले दोन होल ताईंनी झपाझप संपवले, आणि चारला पाच मिनिटे कमी असताना केरबाने सायकलवर टांग टाकली. जाताना त्याने माझ्याकडे बघून हात हलवला.

पुढच्या शनिवारी तो सांगत होता, "पहिल्या रांगंत बसलोतो, मास्तर. एक वळ चुकली न्हाय."

मित्रांनो, सावकाश खेळा, गप्पाही मारा, माझे काही म्हणणे नाही. पण मागे कोण उभे आहे, हे एकदा वळून बघा. त्याच्या खांद्यावर काय आहे आणि त्याला कुठे पोहोचायचे आहे, हे तुम्हाला माहीत नसते. आणि बोलायचे असेल, तर वेळेवर बोला. हे मी कोणत्या अधिकाराने सांगते, ते पुढचे वाचून ठरवा. मी सांगितले, मास्तरांनी लिहून घेतले आणि सोमवारी सकाळी कळंब्याच्या लाल पेटीत टाकले:

"चि. सुष्मितास, तुझे पत्र मिळाले. मी कळशीपेक्षा लहान आणि तांब्यापेक्षा मोठी आहे. त्या रविवारी मी वाजले नाही. तुला ते कळवण्याचे धाडसही मला झाले नाही. या मैदानावर माणसांना फार वेळ लागतो म्हणून मी सहा वर्षे रागावत होते. आज मोजले, तेव्हा कळले, की सर्वांत उशीर मीच केला. यंदाचे भाषण तू न थांबता केलेस, हे दादांकडून समजले. एकदा इकडे ये आणि दोर तू ओढ. तुझी, घंटा."