गोठ्याचा ढाळ आणि बँडसॉचं टेबल

तीस वर्षं मी कालव्याच्या कामावर लेव्हल काढली. मला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा हलत नव्हतं, असं मी स्वतःच गावभर सांगत असतो. मिरजगावात कुणी साधी फरशी बसवायला काढली, तरी मी तिथं जाऊन खिशातली पाणसळ काढतो, म्हणजे ती बुडबुड्याची बाटली. लोक मला टाळतात. मी त्याला मान समजतो.

तर असा हा रंभाजी रिटायर झाला आणि सुतारकामाच्या नादी लागला. म्हैस विकली होती, गोठा रिकामा होता. तिथं वर्कशॉप थाटलं आणि कर्जतच्या गोरक्षनाथ मिस्त्रीकडून जुना बँडसॉ आणला. करवतीचं लांब पातं वरून खाली फिरत राहतं, मधे लोखंडी टेबल, त्यावर लाकूड सरकवायचं की झालं.

हे सगळं भागिरथीसाठी, म्हणजे माझ्या बायकोसाठी. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून पावसाळ्याचे तीन महिने, आमच्या बुद्धविहारात ग्रंथाचं वाचन तीच करते, सलग अकरा वर्षं. यंदा गुडघे गेले. डॉक्टरनं मांडी घालायला बंदी केली. प्लॅस्टिकची खुर्ची आणली तर म्हणाली, समदी खाली अन् मी एकटी वर, ते बरं दिसत न्हाई. फूटभर उंचीचं स्टूल असलं तर वाचीन, नाहीतर यंदापासून विहारातल्या गोजरबाईंना वाचायला सांगा. बोलली अगदी शांतपणे, पण नंतर कितीतरी वेळ नुसता चष्मा पुसत बसली. मला ते बघवलं नाही. मी छाती ठोकून सांगितलं, पौर्णिमेला स्टूल तयार असेल.

पहिल्याच दिवशी टेबलावर पाणसळ ठेवली, तर बुडबुडा पार कडेला! माझं टाळकं सटकलं. वाकडं मशीन गळ्यात मारलं म्हणून गोरक्षनाथला फोनवर झाडझाड झाडलं. तो बिचारा एवढंच म्हणाला, की टेबल अन् पात्याला गुण्या लावून बघा. गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन. तीस वर्षं लेव्हल काढलेल्या माणसाला हा काटकोन शिकवणार! मी फोन ठेवला. मग टेबलाखालचे बोल्ट सैल केले, टेबल कललं तिकडून उचललं, खाली पत्र्याचे तुकडे सारले. तीन दिवस खपून बुडबुडा बरोब्बर मध्यावर आणला. शेजारच्या भागवतला मुद्दाम चहाला बोलावून तो दाखवला.

मग स्टुलाचे पाय कापले. चारही पायांची टोकं तिरकी. पुन्हा पाणसळ लावली, बुडबुडा मध्यावर. पुन्हा कापले, पुन्हा तिरके. मी लाकडाला शिव्या घातल्या, पात्याला घातल्या, लाइटच्या व्होल्टेजलाही सोडलं नाही. शेवटी तसंच जोडलेलं स्टूल नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखं उभं राहिलं. भागिरथी टेकली तसं ते डुगडुगलं आणि तिनं पटकन भिंत धरली. पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली.

"राहू द्या," ती म्हणाली. "गोजरबाई वाचतील."

मी तोंड पाडून गोठ्यात जाऊन बसलो. थोड्या वेळानं ती चहा घेऊन आली. माझ्या कोपराचा धक्का लागून पेला कलंडला आणि चहा सरळ रेषेत वाहत कोपऱ्यातल्या नालीत गेला. एक थेंब इकडंतिकडं नाही.

"तुमचा ढाळ अजून बेस हाय," भागिरथी म्हणाली.

मी गार पडलो. म्हशीचं मूत नालीत जावं म्हणून या गोठ्याला मीच ढाळ दिला होता, आणि त्याची फुशारकी वीस वर्षं मीच मारत होतो. बँडसॉ त्या ढाळावर उभा, म्हणजे त्याचं पातंही त्या बाजूला कललेलं. गोरक्षनाथनं दिलेलं टेबल पात्याशी अगदी काटकोनात होतं. मी एकट्या टेबलाला पाण्याच्या पातळीत आणलं आणि पात्याशी वाकडं केलं. जी चूक माझ्या म्हशीनं केली नसती ती मी पाणसळ लावून केली.

पत्र्याचे तुकडे काढून फेकले. टेबल आणि पात्याच्या मधे गुण्या धरला आणि बोल्ट आवळले. टेबल डोळ्यांना तिरकं दिसत होतं, पण नवे पाय सरळ कापले गेले. गोरक्षनाथला फोन करून माफी मागितली, ढाळाचंही सांगितलं. तो इतका वेळ हसला, की मी फोन बाजूला ठेवून भुसा झाडून घेतला.

पौर्णिमेच्या सकाळपर्यंत जोड वाळत होते, त्यामुळं घरी कुणी बसून बघितलंच नाही. स्टूल थेट विहारात नेलं. भागिरथीनं वंदन केलं, सावकाश बसली, ग्रंथ उघडला. काय वाचलं विचाराल तर मला एक शब्द सांगता येणार नाही. मी तासभर फक्त चार पायांकडं बघत होतो. एकही पाय हलला नाही.

घरी आल्यावर तिची पिशवी रिकामी करताना पुठ्ठ्याच्या दोन घड्या निघाल्या. एक जाड, एक पातळ. मी विचारलं, हे काय?

"पायाखाली घालाया," ती म्हणाली. "चारचौघांत तुमचं स्टूल डुगडुगाया नगं."

म्हणजे माझ्या स्टुलावर तिचा काडीचा भरवसा नव्हता. आणि तरी ती सगळ्यांसमोर त्यावर बसली होती.